संस्कृत शब्द सगळीकडे सारखाच

"त्यात काय समजायचंय?" असं म्हणायचं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी गुडघ्यावरची धूळ झटकायची. धूळ असो वा नसो. ती झटकली की विषय संपला. मग तो विषय नव्या धरणाचा असो, चीनचा असो, की आमच्या वठारातल्या नळाला सकाळी पाणी का येत नाही याचा असो.

तुमच्याही माहितीत असे एखादे गृहस्थ असतील. त्यांच्या बोलण्याचा राग येतो, पण दोन दिवस दिसले नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं. आमच्या शेजारच्या अशा गृहस्थांना आम्ही काका म्हणायचो. कन्नड शेजारी 'पूना रायरु', म्हणजे पुण्याचे राव, म्हणायचे. ते पुण्याचे नव्हते, साताऱ्याकडचे होते, आणि हे त्यांनी प्रत्येकाला निदान चारदा तरी सांगितलं असेल. पण आमच्या बंगळूरातल्या मल्लेश्वरमच्या लोकांच्या लेखी तिकडून आलेला प्रत्येक माणूस पुण्याचाच. शेवटी त्यांनी नाद सोडला. माझ्या माहितीत हा एकच वाद ते हरले.

वठार म्हणजे मधे अंगण, अंगणात एक नळ आणि भोवती बिऱ्हाडं. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात काका, काकू आणि काकांचा धाकटा भाऊ वसंता असे तिघं राहायला आले तेव्हा मी कॉलेजात होते. काका एका कारखान्यात स्टोअर्सचे साहेब होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा वसंता अगदी लहान होता. काकूंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो काकांना दादा म्हणायचा आणि काकूंना वहिनी, पण हाक मारायचा ती आईला मारल्यासारखीच.

आमचं घराणं बंगळूरला किती पिढ्यांपासून आहे, हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही सांगता यायचं नाही. आमची मराठी घरातल्या घरात टिकलेली. आम्ही भातावर हुळी, म्हणजे आंबट वरण, वाढून घेतो आणि 'जरा' म्हणायच्या जागी 'स्वल्प', 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणतो. काकांना हे सहन व्हायचं नाही. एकदा आई म्हणाली, "स्वल्प थांबा, हे आता येतीलच." काका दारातूनच म्हणाले, "वहिनी, स्वल्प हा शब्द मराठीत पोथीत असतो, उंबऱ्यावर नाही." आई म्हणाली, "सरी, मग स्वल्प आत येऊन बसा." काका बसले, कॉफी प्यायले, आणि कॉफीत चिकोरी घालणं हा गुन्हा कसा आहे तेही सांगून गेले.

त्यांच्याच घरात फक्त वसंता त्यांना प्रश्न विचारायचा. काका म्हणाले की रेडिओत काय विशेष आहे, तर हा म्हणायचा, "पण दादा, आवाज तारेशिवाय येतो कसा?" काका म्हणायचे, "लहरी असतात." "त्या भिंतीतून कशा येतात?" "येतात. त्यात काय समजायचंय?" आणि गुडघा झटकायचे. वसंता हसायचा. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, पण काकांना ती दिसायची. पोरगं उनाड आहे, सिनेमाचं वेड आहे, ह्याचं काही खरं नाही, असं त्यांचं त्याच्याबद्दलचं मत फार लवकर पक्कं झालं होतं.

आता कन्नडबद्दलचं त्यांचं मत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काकांच्या मते कन्नड ही शिकायची भाषाच नव्हती. "अर्धी संस्कृत आणि उरलेली उकार लावलेली मराठी. बसला बस्सु म्हणतात, कारला कारु म्हणतात. त्यात काय समजायचंय?" या नियमाने ते बाजारात जाऊन 'मिरचू' आणि 'कोथिंबिरू' मागायचे. भाजीवाली गंगम्मा हसून हसून टोपलीवर वाकायची आणि बोट दाखवतील ते देऊन टाकायची. काकांना वाटायचं, बघा, समजलं की नाही.

समोरच्या बिऱ्हाडात सीतम्मा राहायच्या. विधवा, एकट्या, कन्नडशिवाय दुसरी भाषा नाही. दुपारी दिसेल त्याला "ऊट आयता?" विचारायच्या. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. काका आल्या आठवड्यातच तणतणत आमच्याकडे आले. "आरामखुर्चीत टेकलो नाही तोवर ती बाई मला ऊठ म्हणते." अण्णांनी हसू दाबून अर्थ सांगितला. दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. काका म्हणाले, "तो गावंढळ शब्द असेल. संस्कृत शब्द घ्या. संस्कृत शब्द कुठेही जा, सारखाच." अण्णा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "सरी."

वसंता मात्र वर्षभरात असं कन्नड बोलायला लागला की रिक्षावाले त्याला म्हैसूरकडचा समजत. शिकला कुठे, तर सीतम्मांच्या स्वयंपाकघरात. त्यांचं दळण आणायचं, नारळ फोडून द्यायचे, आणि चुलीपुढे बसून गप्पा मारायच्या. त्याही त्याला गरम गरम वाढायच्या. काकूंना याचं कौतुक होतं. काकांना नव्हतं.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे वरमहालक्ष्मीचं व्रत असतं. सीतम्मा सवाष्ण नव्हत्या, पण त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा देवीचा चांदीचा मुखवटा त्यांच्याकडे होता, म्हणून वठाराची पूजा त्यांच्याच घरी व्हायची आणि आमची आई ती करायची. कलशावर नारळ, नारळाला तो मुखवटा बांधायचा, वर झुळझुळीत साडी. त्या वर्षी केळीचे खांब वसंतानं बांधले, तोरण त्यानं लावलं, दिवसभर त्याची आतबाहेर ये-जा होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला निम्मं मल्लेश्वरम येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी कलश हलवायला गेलो, तर साडीखाली नुसता नारळ होता.

सीतम्मा रडल्या, पण त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायला नळावर माणसं कमी नव्हती. कुणीतरी म्हणालं, तो पूना रायरांचा पोरगा सारखा आतबाहेर करत होता. ते काकांच्या कानावर गेलं.

पुढचं मला काकूंनी फार उशिरा सांगितलं. काका तडक सीतम्मांकडे गेले. बरोबर कुणाला घेतलं नाही, दुभाषा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जे काही कन्नड होतं त्यात त्यांनी सरळ विचारलं, वसंतानं घेतला का? सीतम्मांनी डोळे पुसत उत्तर दिलं. काका घरी आले, दार लावलं, आणि वसंताला म्हणाले, "मुखवटा कुठं आहे?"

"मी नाही घेतला, दादा."

"सीतम्मा म्हणाल्या, तूच घेतलास. माझ्या तोंडावर म्हणाल्या."

काकू सांगत होत्या, ते ऐकल्यावर वसंता उठून उभा राहिला. मग म्हणाला, "सीतम्मा असं म्हणाल्या?"

"मग काय मी खोटं बोलतोय?"

"मी नाही घेतला," असं तो पुन्हा एकदा म्हणाला. काका म्हणाले की त्यात आता समजायचं काही उरलेलं नाही, या घरात चोर राहणार नाही. काकू मधे पडल्या, त्यांनाही काका नको ते बोलले. पहाटे काकू उठल्या तेव्हा वसंताची वळकटी जागेवर होती आणि तो नव्हता.

वठाराला काकांनी सांगितलं, पुण्याला नोकरी लागली. सीतम्मांना वाईट वाटलं, सांगून गेला नाही म्हणून. पण त्याचं पुण्याला भलं होणार, म्हणून त्यांनी गणपतीला नारळ फोडला. काका त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. आम्हाला वाटलं, भावाच्या आठवणीनं असेल.

मुखवटा काही सापडला नाही, आणि नळावर लोकांनी ठरवूनच टाकलं की पळाला तो उगाच नाही पळाला. काकूंचं बोलणं कमी झालं. 'पाणी तापलंय', 'पानं घेतलीत', एवढंच त्या काकांशी बोलायच्या. काकांचं बोलणं काही कमी झालं नाही. उलट मतं जास्तच कडक झाली, आवाज चढला, आणि गुडघ्यावरची ती धूळ दिवसातून किती वेळा झटकली जायची ते विचारू नका.

अशी तीन-चार वर्षं गेली. मी बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात होते. एका संध्याकाळी मी नळावर कळशी भरत होते आणि काका घामाघूम होऊन, पाय ओढत अंगणात आले.

"काय लोक आहेत इथले," ते म्हणाले. "मॅजेस्टिकच्या नाक्यावर बसची वाट बघत होतो. तिथला कंडक्टर स्वच्छ म्हणाला, 'बस्सु बरोदु अनुमान.' म्हणजे बस येईल असा त्याचा अंदाज. मी थांबलो. बाकीचे मूर्ख चालत निघाले. बस आलीच नाही. शेवटी मी पण चालत आलो."

मला इतकं हसू आलं की कळशी भरून वाहायला लागली. "काका, मूर्ख ते नव्हेत हो. 'बस्सु बरोदु अनुमान' म्हणजे बस येणं कठीण. येत नाही असंच धरून चाला."

"अनुमान संस्कृत शब्द आहे," काका म्हणाले. "अनुमान म्हणजे तर्क. निष्कर्ष."

"असेल संस्कृतात. मराठीतही असेल. इथं अनुमान म्हणजे शंका. एखाद्या गोष्टीला 'अनुमान' म्हटलं की ती होईलसं वाटत नाही."

काकांचा हात गुडघ्याकडे गेला होता, तो तिथंच राहिला. "नेहमी? सगळेच असं म्हणतात?"

"अगदी अडाणी माणसापासून जजसाहेबापर्यंत."

"दुसरं एखादं वाक्य कर."

मला वाटलं, चला, उशिरा का होईना, शिकायची इच्छा झाली. मी मास्तरणीच्या तोऱ्यात सांगितलं, "मळे बरोदु अनुमान. पाऊस यायची चिन्हं नाहीत."

काकांनी वाकून वाहता नळ बंद केला. मग अगदी सावकाश, एक एक शब्द आठवून म्हणाल्यासारखं बोलले, "आणि 'अवनु तगोंडिद्दु अनुमान' म्हटलं तर?"

"त्यानं घेतलं असेल असं वाटत नाही," मी म्हटलं. "सोपं आहे."

ते घरात गेले. त्यांच्याकडून त्या रात्री जेवणखाणाचा आवाज आला नाही. आई म्हणाली, उन्हातून चालत आले, बाधलं असेल.

सकाळी सात वाजता ते आमच्या दारात उभे. "माझ्याबरोबर सीतम्मांकडे ये. मला एक विचारायचंय, आणि तू मराठीत करून सांग. जसंच्या तसं." मी गेले. काकांनी मला विचारायला सांगितलं की मुखवटा गेला तेव्हा त्या त्यांना काय म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांनी हे काय, म्हणून सीतम्मा माझ्याकडे बघायला लागल्या. पण सांगितलं. "हेच म्हटलं होतं, अवनु तगोंडिद्दु अनुमान. अंथा हुडुगा अल्ल अवनु. तो तसला पोरगा नाही. माझ्या हातचं जेवलाय तो." मग म्हणाल्या, "पुण्याहून कधी येणारे म्हणावं? मला एकदा बघायचंय."

मी मराठीत सांगितलं. सांगता सांगता माझ्याही डोक्यात काय घडलं असेल ते हळूहळू यायला लागलं. काका भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते मला कन्नडात करून सीतम्मांना सांगावं लागलं. तसलं काम पुन्हा माझ्यावर कधी येऊ नये.

सीतम्मा काकांना एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी त्याला चोर म्हणाले, असं समजून गेला तो?" हे कन्नड वाक्य मी मराठीत केलं नाही. काकांना ते कळलं होतं.

काकूंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता?"

आता काय करणार? काका रजा काढून शोधायला गेले. हुबळीला गेले, दावणगेरेला गेले, पुण्यात तर तीनदा जाऊन आले, कारण ते खोटं त्यांनी स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनाच थोडं खरं वाटायला लागलं होतं. कुठे काही नाही. प्रत्येक वेळी परत आले की काकू दारात उभ्या असायच्या, त्यांच्या मागे कुणी दिसतंय का ते बघायच्या आणि आत जाऊन चहा ठेवायच्या.

याच सुमारास राज्यांची नवी रचना झाली आणि बेळगाव कुणाचं यावरून घराघरात भांडणं लागली. मराठी मंडळींची एक बैठक आमच्या ओट्यावर भरली. कुणीतरी म्हणालं, काकांना विचारा, त्यांचं मत पक्कं असतं. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. काकांनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बेळगावात मी एकदाच गेलोय. स्टेशनावर चहा प्यायलो आणि पुढची गाडी धरली. तिथं राहणाऱ्या माणसांना काय पाहिजे, मला माहीत नाही."

मंडळी नाराज झाली. एक जण म्हणाला, हे कन्नड लोकांत राहून नरमले. दुसरा म्हणाला, वय झालं. काकांनी दोघांपुढे पानाचं तबक सरकवलं. एके काळी या माणसानं दोघांची सालटी काढली असती.

तेव्हापासून ते तसेच झाले. काही विचारलं की आधी म्हणायचे, "म्हणजे नक्की काय, ते सांग." सांगितलं की आणखी विचारायचे. शेवटी म्हणायचे, "मला ठाऊक नाही." रेडिओबद्दल ठाऊक नाही, चीनबद्दल ठाऊक नाही, भेंडी कोवळी आहे की जून तेसुद्धा गंगम्मालाच विचारायचे. गुडघा झटकणं बंद झालं. रोज संध्याकाळी मुलांचं कन्नड पहिलं पुस्तक घेऊन सीतम्मांच्या पायरीवर बसायचे आणि त्यांना शब्द विचारायचे. 'अवसर' म्हणजे आपली संधी नव्हे, घाई. 'उपाध्याय' म्हणजे भटजी नव्हे, मास्तर. एक एक शब्द दोनदा विचारून घ्यायचे. सीतम्मा दमायच्या नाहीत.

वठारातले लोक आता भांडणं घेऊन काकांकडे यायला लागले. काका ऐकून घेतात, घाई करत नाहीत, दोन्ही बाजू विचारतात. अण्णा म्हणायचे, माणूस किती सुधारला. मला मात्र हे सुधारणं बघवत नसे. चुलीवरचं दूध उतू गेल्यावर आच कमी करणारा माणूस शहाणा दिसतो, पण दूध गेलेलंच असतं. मी हे आईला म्हटलं तर ती म्हणाली, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही. असेल तसंही.

काकू त्यानंतर फार जगल्या नाहीत. कावीळ झाली, औषधं झाली, आणि गेल्या. शुद्ध होती तोवर रोज विचारायच्या, "काही कळलं?" काका म्हणायचे, "अजून नाही." ते 'अजून' कशाच्या जोरावर म्हणत होते, देव जाणे.

मला शेवटी के. आर. पुरमच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. गावाबाहेरचं गाव, रेल्वे स्टेशन, चार दुकानं, बाकी नाचणीची शेतं. सकाळची गाडी धरून जायचं, संध्याकाळी परत. तिथं तिसऱ्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या दिवशी, एक माणूस मुलीला घेऊन नाव घालायला आला. हाताला सायकलचं वंगण. मी मान वर न करता मुलीचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. "वसंतप्पा," तो म्हणाला. घरातली भाषा? "कन्नड." तेव्हा मी वर बघितलं.

"वसंता?" मी म्हटलं.

त्यानं मला ओळखलं होतं, कदाचित दारातूनच. तो थोडा हसला आणि कन्नडात म्हणाला, "बऱ्या आहात ना, मिस?" स्टेशनामागे त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बायको तिथलीच. म्हणजे काका हुबळी आणि पुणे पालथं घालत होते आणि हा सगळा वेळ गाडीनं तासाभरावर होता. मी मराठीत बोलत होते, तो कन्नडात उत्तरं देत होता. काकांचं नाव काढलं, तर मुलीची वेणी नीट करत बसला.

रविवारी मी काकांना घेऊन गेले.  धुतलेलं धोतर, कोट, टोपी, जणू सोयरीक करायला निघाले होते. वसंतानं दारात येऊन "बन्नी" म्हटलं, परक्या माणसाला या म्हणावं तसं. खुर्ची दिली. बायकोनं कॉफी आणली. मुलगी दाराआडून बघत होती.

काकांनी कन्नडात बोलायला सुरुवात केली. स्वच्छ, शुद्ध, पुस्तकातलं कन्नड. मला वाटतं, इतक्या वर्षांची त्यांची ती सगळी शिकवणी या पाच मिनिटांसाठी होती. त्यांनी अनुमान या शब्दाचं सगळं सांगितलं. सीतम्मा काय म्हणाल्या होत्या, आपण काय समजलो, बसच्या दिवशी कसं कळलं, नंतर कुठे कुठे शोधलं. सीतम्मांनी तुला कधीच चोर म्हटलं नाही, हे दोनदा सांगितलं.

वसंता मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "वहिनी?"

"गेली," काका म्हणाले. "तीन वर्षं झाली."

 स्टेशनातून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून होतो. मग वसंता त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मराठीत बोलला. आवाज अगदी शांत होता, रागाचा लवलेश नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"दादा, सीतम्मा बोलल्या ते कन्नडात होतं. तुला नाही कळलं, असू दे. पण 'मी नाही घेतला' असं मी दोनदा म्हणालो होतो. ते तर मराठीतच होतं ना?"

काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "हो. मराठीतच होतं."

 कॉफी तशीच राहिली. वसंता आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. स्टेशनाच्या बाकावर काका बसले, मी उभी राहिले. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुन्हा आलो तर बोलेल का? तुला काय वाटतं?"

मी मास्तरीण आहे, मुलांना खोटा धीर द्यायची मला सवय आहे. पण त्यांच्याकडे बघून मला तो देता आला नाही. "नाही काका," मी म्हटलं. "मला नाही वाटत."

"बरं," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

पुढच्या थंडीत काका गेले. दोन दिवस नुसता ताप होता. डॉक्टरांनी काही सांगितलं की मान हलवायचे, काही विचारायचे नाहीत. सीतम्मांनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं. अण्णांनी अग्नी दिला, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. के. आर. पुरमला निरोप पाठवायचं मी म्हणत होते, पण अण्णा म्हणाले, तू स्वतः जाऊन सांग, निरोप बरा नव्हे. तोवर सगळं आटोपलं होतं.

शाळा सुटायच्या वेळी वसंता मुलीला न्यायला यायचा. मी फाटकाशी गेले आणि त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. सायकलचा ब्रेक एकदा दाबून बघितला, सोडला. "सरी, मिस," म्हणाला. 

त्यानं मुलीला पुढच्या दांडीवर बसवलं. ती आमची तोंडं बघत होती. तिनं विचारलं, "यारु होदरु, अप्पा?" कोण गेलं?

"यारो, पुट्टी," तो म्हणाला. "ननगे गोत्तिल्ल."

कुणीतरी, बाळ. मला ठाऊक नाही.